फोन टॅप केला तरी बिल होत नाही

नागपूरच्या सीताबर्डीत बर्गरच्या काउंटरवर मशीनला फोन लावला की कधी ‘टीं’ वाजतं, कधी काहीच नाही. फोनमधलं एनएफसी (जवळ टेकवून पैसे द्यायची सोय) सुरू आहे. काय चुकतं भाऊ?

— आधी मशीनवर रक्कम येऊ द्या, मग फोन अनलॉक करून लावा. स्क्रीन नाही, पाठ टेकवा; अँटेना बहुधा कॅमेऱ्याच्या खालीच असतो. दोन-तीन सेकंद धरा. लोक झाडू मारल्यासारखा फिरवतात, मग वाचन अर्धवट राहतं. कव्हरमध्ये मेट्रोचं महाकार्ड खोचलंय का? तीसुद्धा एनएफसी चिपच, मशीन गोंधळतं. धातूचं कव्हरही काढा.

— बँकेच्या अ‍ॅपात कार्डाचं ‘कॉन्टॅक्टलेस’ सुरू आहे ना? ऑक्टोबर 2020 पासून नवीन कार्डावर ते बंदच येतं. प्लास्टिकचं कार्ड टॅप केलं तर 5,000 पर्यंत पिन लागत नाही.

— रांग मोठी असेल तर क्यूआर आणि यूपीआय लाइट (छोट्या रकमांसाठीचं यूपीआय) बरं, 1,000 पर्यंत पिनच नाही. यूपीआय असो की कार्ड, पैसे कापले अन् काउंटरवर पोहोचले नाहीत तर व्यवहार क्रमांक जपा. पाच दिवसांत परत यायला हवेत. त्यानंतर बँकेला दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. घाईत लगेच दुसऱ्यांदा टॅप करू नका, आधी मेसेज बघा.