पॅच काखेतला, ताप आतला

'काखेत ताप मोजणारा बिनतारी पॅच चिकटवला की दर तासाला थर्मामीटर लावायची कटकट संपली' असं एकाने लिहिलेलं वाचलं. वॉर्डात मान्य. चवथीला निम्मा स्टाफ रजेवर असतो तेव्हा तर मलाही तो हवाच! पण मी फोंड्याकडे आयसीयूत नर्स आहे, म्हणून थोडी भर घालते.

पॅच मोजतो कातडीचं तापमान, आतलं त्यावरून अंदाजाने काढतो. पेशंट शॉकमध्ये गेला (म्हणजे रक्तदाब कोसळून अवयवांना रक्त कमी पडायला लागलं) की कातडीचा रक्तपुरवठा आटतो. हातपाय गार आणि आत ३९ अंश. नेमका तेव्हाच पॅच कमी दाखवू शकतो. अशा वेळी मूत्राशयातल्या कॅथेटरचा (लघवीच्या नळीचा) किंवा अन्ननलिकेतला प्रोबच, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सरच, भरवशाचा. आयसीयूत साधारण ३८.३ अंशांपासून ताप धरतात, तिथे अर्ध्या अंशाची चूकही महागात पडते. सतत डायलिसिस चालू असेल तर रक्त बाहेर फिरून गार होतं आणि ताप झाकला जातो, ते आणखी वेगळंच.

आणि हो, पॅच रीडिंग ब्लूटूथने पाठवत असेल तर त्याचे सिग्नल २.४ गिगाहर्ट्झचे, आणि शरीरातलं पाणी असे सिग्नल शोषून घेतं. पेशंटला कुशीवर वळवलं, पॅच खाली दबला, की रीडिंग तुटू शकतं. डेमोमध्ये पेशंट नेहमी उताणाच असतो!