'एकच प्याला' : सिंधू आज दाखवावी का?

कृष्णाकाठ : परवा सांगलीत हौशी मंडळींचा 'एकच प्याला' बघितला. बाहेर पडताना दोघंतिघं म्हणाले, दारूबंदीचं जुनं नाटक, आता कशाला करायचं. मला हे अजिबात पटत नाही. नाटककार राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि महिन्याभरात गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला पहिला प्रयोग केला, शंभर वर्षं उलटली, पण नाटकातला वकील सुधाकर नुसत्या दारूनं बुडत नाही हो, त्याला अपमान गिळता येत नाही म्हणून बुडतो. वकिलीची सनद जाते तेव्हा दारुडा तळीराम त्याच्यापुढं पहिला प्याला करतो, ते ठीक. पण पुढं तो दारू सोडतो, काम मागायला जुन्या ओळखीच्यांच्या दारात जातो, सगळे झिडकारतात आणि मग परत प्याला. परवा सुधाकर झालेल्या पोरानं प्याला उचलायच्या आधी हात दोनदा धोतराला पुसला, माझ्या पोटात गोळाच आला. आणि रामलाल? सुधाकरला शहाणपण शिकवणारा त्याचा मित्र, स्वतःच सुधाकरच्या बहिणीच्या, मुलीसारख्या शरदच्या मोहात पडतो. हे काय फक्त दारूचं नाटक आहे?

रुपाली मिरज : सुधाकरचं मान्य. पण त्याच्या बायकोचं, सिंधूचं काय? दारूच्या नशेतल्या त्याच्या मारानं लेकरू गेलं, स्वतः मरायला टेकली तरी नवऱ्याला वाचवायला पोलिसांशी खोटं बोलते. त्या काळी बालगंधर्वांनी केलेल्या सिंधूवर लोक रडले असतील, पण आज हे तसंच दाखवणं चूक आहे, तो भाग कापा.

विट्याचा : कापू नका ताई. माझे वडील प्यायचे. आईच्या कपाळाला पाच टाके पडले तेव्हा मी तिसरीत होतो, डॉक्टरांना ती म्हणाली पायरीवरनं घसरले, आणि माझा हात असा दाबून धरला की मी बोलू नये. गडकऱ्यांनी ते खरं लिहिलंय. कापलं तर आमच्यासारख्या घरांतलं कोण दाखवणार?

रुपाली मिरज : दादा, वाचून गलबललं. पण तुम्हाला तिथं आई दिसली, माझ्या शेजारच्या आजी डोळे पुसत म्हणाल्या, बायको असावी तर अशी. त्या क्षणी मागं पेटी वाजत होती, सिंधूवर पिवळा लाईट, देवीसारखी दिसत होती. ठीक आहे, वाक्य ठेवा. पण पेटी बंद करा आणि लाईट सुधाकरच्या तोंडावर टाका, त्याला ते ऐकू दे.

कृष्णाकाठ : पेटी होती खरी, माझ्या लक्षातच आलं नाही. रविवारी त्यांची तालीम आहे, जातो आणि हे सांगतो.