बाबांच्या स्पेक्ट्रमच्या कॅसेटी: कॉपी करून वाटल्या तर चालेल का?

खडखड_टेप:
मंडळी, माळ्यावरून खोकं उतरवलंय. आत डेसिबेल्स कंपनीचा डीबी स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे कॅसेटवरून खेळ लोड करणारा ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटर, १९८६ पासून आपल्याकडे परवान्याने विकला जायचा तोच, आणि चपलांच्या दोन डब्यांत भरलेल्या कॅसेटी. छापील कव्हरच्या ओरिजिनल चारच. बाकी सगळ्या मित्रांनी मित्रांना भरून दिलेल्या, वर बॉलपेनने खेळांची नावं, 'जेटपॅक, मॅनिक मायनर, मागच्या बाजूला विमानाचं काहीतरी'. एका कॅसेटवर बाबांच्या ऑफिसातल्या अण्णाकाकांनी बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला मराठी शब्द ओळखायचा खेळ आहे.

सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेणार आहे. आमच्या मेळाव्यात एसडी कार्डावर भरून द्यायचा विचार आहे, कार्ड आणि मेहनत धरून ३०० रुपये. एकजण म्हणतो, चाळीस वर्षं झाली, कंपन्या बुडाल्या, आता कोण विचारतंय! दुसरा म्हणतो, सरळसरळ गुन्हा आहे. नक्की काय?

रिटायर्ड_बाइट:
दुसऱ्याचं बरोबर आहे, पण त्याला सांगा एवढं घाबरवू नकोस.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीतच मोडतो. लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो. ब्रिटनमध्ये ७०. मॅथ्यू स्मिथने मॅनिक मायनर लिहिला १९८३ मध्ये, तेव्हा तो जेमतेम सतरा वर्षांचा होता. आता तुम्हीच हिशोब करा. चाळीस वर्षं म्हणजे काहीच नाही.

आता 'कंपनी बुडाली'चं. दुकानाला कुलूप लागलं म्हणून आतला माल रस्त्यावरच्यांचा होत नाही. स्मिथ स्वतंत्रपणे काम करायचा, म्हणून तो बग-बाइट ही कंपनी सोडून सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्स या दुसऱ्या कंपनीकडे गेला तेव्हा खेळही सोबत घेऊन गेला. ओशन ही खेळ काढणारी कंपनी १९९६ मध्ये इन्फोग्राम या दुसऱ्या कंपनीकडे गेली. जेटपॅक काढणाऱ्या अल्टिमेटची पुढे रेअर झाली, रेअर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली, आणि २०१५ च्या रेअर रिप्ले या खेळसंग्रहात जेटपॅक पैसे घेऊन विकला. म्हणजे तुमच्या लेबलवरच्या पहिल्याच खेळाला चांगला धडधाकट मालक आहे. आणि खरंच वारस न ठेवता विसर्जित झालेली ब्रिटिश कंपनी असेल, तर तिची उरलीसुरली मालमत्ता तिथल्या राजसत्तेकडे जमा होते. एखाद्या टुकार अंतराळ-खेळाचे हक्क राजाच्या नावावर असतील, याची मला फार गंमत वाटते.

ज्या चार ओरिजिनल आहेत, त्यांची स्वतःसाठी बॅकअप प्रत खुशाल करा, कलम ५२ मध्ये तेवढी सोय आहे. बॉलपेनवाल्यांना ती लागू नाही. आणि ते ३०० रुपये पहिल्यांदा काढून टाका. नफ्यासाठी केलं की नाही, यावर कायद्यात शिक्षा कमीजास्त होते, आणि खेळ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांवरही तेच येतं.

माळा_मोकळा:
बाइटसाहेब, कायदा पटला, पण टेप तोपर्यंत थांबणार आहे का? माझ्याकडच्या निम्म्या कॅसेटींना बुरशी. मालक सापडेपर्यंत वाट बघितली असती, तर आज जगात स्पेक्ट्रमचा एक खेळ शिल्लक नसता. जे टिकलं ते कॉपी करणाऱ्यांमुळेच.

रिटायर्ड_बाइट:
उतरवून घ्यायला मी कुठे नाही म्हणालो? आजच घ्या. वाटण्यापुरतंच बोलतोय.

आणि तुमचं म्हणणं अर्धंच खरं आहे. या छंदात विचारून बरंच मिळालंय. स्पेक्ट्रम बनवणाऱ्या सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा १९८६ मध्ये ५० लाख पौंडांना ॲमस्ट्रॅड कंपनीने घेतला, त्यासोबत स्पेक्ट्रमच्या रॉमचे, म्हणजे मशीनमध्येच कायम बसवलेल्या प्रोग्रॅमचे, हक्कही गेले. १९९९ मध्ये ॲमस्ट्रॅडच्याच माणसाने इंटरनेटवर जाहीर सांगितलं की एम्युलेटरसोबत (आजच्या कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्रॅम) रॉम द्या, कॉपीराइटची ओळ तशीच राहू द्या, रॉमचे पैसे घेऊ नका. हक्क सोडला नाही, वापरायला दिला. जुने खेळ जपणाऱ्या वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रम या वेबसाइटवाल्यांनीही एकेक प्रकाशक आणि प्रोग्रॅमर गाठून विचारलं. पुष्कळांनी आनंदाने हो म्हटलं. कोडमास्टर्स या प्रकाशकाने नाही म्हटलं, तर त्यांचे खेळ उतरवायला ठेवले नाहीत. मला हे फार सभ्य वाटतं.

पण खडखडराव, तुम्ही उगाच मॅनिक मायनरच्या मागे लागलात. त्याची फाइल जगभर हजार ठिकाणी आहे, तुमची तिसऱ्या हाताची कॉपी कोणाला हवी? अण्णाकाकांचा खेळ कुठेच नाही! त्यात मराठी अक्षरं कशी काढलीत? स्पेक्ट्रमवर स्वतःची अक्षरं बनवायला फक्त २१ घरं, प्रत्येकी आठ बाय आठ ठिपके. २१ मध्ये बाराखडी बसवायची म्हणजे काना, मात्रा, वेलांटी वेगळ्या घरात घालून जोडल्या असणार. मला लिस्टिंग बघायचंच आहे. आणि इथे मालक कोण ते शोधावं लागत नाही. हयात आहेत ना?

खडखड_टेप:
आहेत, कोल्हापूरला मुलीकडे असतात. आत्ताच बाबांनी फोन लावला. पहिल्यांदा त्यांना आठवेचना. मग म्हणाले, "त्यात ळ नव्हता, जागा संपली होती." हवा त्याला द्या म्हणाले, फक्त नाव राहू दे. मी म्हटलं दोन ओळी लिहून द्या, तर हसायला लागले, पण मुलीकडून मेसेज करवतो म्हणाले.

विकायचं रद्द. मेळाव्यात काकांचा खेळ फुकट देईन, बाकीचे बाबांच्या मशीनवर लावून बसू.

आता खरी अडचण: त्यांचीच कॅसेट लोड होताना 'आर टेप लोडिंग एरर' येतोय. बाकीच्या चालतात.

माळा_मोकळा:
दुसऱ्या टेपरेकॉर्डरवर भरलेली असणार, टेप वाचणाऱ्या हेडचा कोन जुळत नाहीये. आधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. मग कॅसेट चालू ठेवून हेडशेजारचा बारीक स्क्रू हळूहळू फिरव, आवाज सगळ्यात तीक्ष्ण होईल तिथे थांब. स्पेक्ट्रमला जोडायच्या आधी लॅपटॉपवर आवाजाची वेव्ह फाइल करून घे, म्हणजे टेप पुन्हापुन्हा घासायला नको.

रिटायर्ड_बाइट:
आणि स्क्रू फिरवण्याआधी त्याच्या जागेवर मार्करने खूण कर. नाहीतर बाकीच्या कॅसेटी बंद पडतील.