‘कोअर्सनिंग’ला मराठीत काय म्हणावं?

रंकाळाकाठ: शिवाजी विद्यापीठात फिजिक्स शिकतोय. सेमिनार मराठीत द्यायचाय, विषय फ्रॅक्टल पुंजक्यांचं, म्हणजे जवळून-लांबून सारख्याच फांद्या दिसणाऱ्या पुंजक्यांचं, कोअर्सनिंग: बारीक रचना जाऊन जाड होत जाणं. मला ‘स्थूलन’ सुचलंय, पण पोरं म्हणतील, कुणाचं पोट सुटलंय?

जुना मास्तर: आधी काय घडतं ते सांगा, शब्द मागून बघू.

रंकाळाकाठ: विटन आणि सँडर या भौतिकशास्त्रज्ञांचं १९८१ चं प्रारूप आहे. भटकणारे कण पुंजक्याला जिथं भिडतील तिथंच चिकटतात. सपाटीवर त्यातून विरळ, फांद्याफांद्यांचा पुंजका होतो. त्याची फ्रॅक्टल मिती, म्हणजे तो जागा किती भरतो त्याचं माप, साधारण १.७१ (रेषेची १, भरीव चकतीची २). आता वाढ थांबवायची आणि कणांना सुटायची मुभा द्यायची. बारीक टोकाची वक्रता जास्त, म्हणून तिथले कण लवकर सुटतात आणि जाड भागावर जाऊन बसतात. टोकं आखडतात, फांद्या जाडावतात.

काकवी: मग ‘रवा धरणं’ घ्या की! गुऱ्हाळातला शब्द.

जुना मास्तर: रवा धरतो म्हणजे नव्यानं उगवतो. इथं सगळं आधीच आहे, नुसती हलवाहलव. लहान रवे विरघळून मोठे वाढणं, हे जवळचं. त्याला ओस्टवाल्ड या रसायनशास्त्रज्ञाचं नाव आहे. त्यात सरासरी त्रिज्या काळाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढत जाते.

काकवी: ‘भरड’?

जुना मास्तर: भरडणं म्हणजे फोडणं. साफ उलटं.

शिरोळकर: उसाला फुटवे लई येतात. बरेच मरतात, राहिलेले पोसतात. ‘पोसणं’ म्हणा भावा.

जुना मास्तर: वा! फक्त मेलेल्या फुटव्याचं अंग शेजारच्या उसात जात नाही. पुंजक्यात नेमकं तेच होतं, एकूण वस्तुमान तेवढंच राहतं.

रंकाळाकाठ: तरी ‘पोसणं’ आवडलं. अडचण अशी की सगळं एकदम बदलत नाही. आधी बारकावे पुसले जातात. मोठ्या अंतरांवर मोजलं तर १.७१ अजून तशीच असते. ती ज्या अंतरांवर लागू पडते तो पट्टा मात्र अरुंद होत जातो.

शिरोळकर: मग शीर्षकात स्थूलन लिहा, बोलताना ‘फांद्या पोसतात’ म्हणा. पण मधली बारीक मान तुटली तर?

रंकाळाकाठ: तुकडे सुटे होतात. त्यातला लहान विरघळत जातो, मोठा वाढतो.

शिरोळकर: म्हणजे तिथनं पुढं मास्तरांचा ओस्टवाल्ड.