'रणांगण' खरंच एवढी डोक्यावर घ्यावी अशी आहे का?

परभणीची_वाचक:
कॉलेजात असल्यापासून ऐकायले, मराठीतली सगळ्यात भारी प्रेमकथा म्हणजे विश्राम बेडेकरांची 'रणांगण'. शेवटी वाचनालयातून आणली, एका बैठकीत संपली. छोटीच आहे. पण काळीज हललं वगैरे काही नाही. चक्रधर विध्वंस युरोपातून बोटीनं मुंबईला निघालाय, हिटलरच्या जर्मनीतून सुटलेली ज्यू हॅर्टा बोटीवर भेटते, आणि बघता बघता ती त्याच्यावर जीव ओवाळून टाकते. हा मात्र जुना प्रेमभंग उगाळत बसलेला. जवळजवळ सगळं त्याच्याच तोंडून येतं, त्यामुळं तिला याच्यात दिसलं तरी काय, ते कळतच नाही. भाषा धारदार आहे, वाद नाही. पण प्रेमकथा?

लातूरचे_मास्तर:
ताई, पुस्तक १९३९चं आहे. महायुद्ध पेटलं तेच वर्ष. घर, देश, माणसं, सगळं गेलेल्या पोरीला 'इतक्या लवकर कशी प्रेमात पडलीस' विचारता होय? रझाकारांच्या काळात आपल्याकडची किती कुटुंबं निजामाची हद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडं गेली. आमची आजी सांगायची, छावणीत शेजारी पथारी टाकलेल्या परक्या बाईला ती दोन-चार दिवसांत बहीण म्हणायला लागली. मागंपुढं काही उरलं नाही की माणूस असंच जवळ येतं.

परभणीची_वाचक:
आजीचं पटलं, सर. पण त्या दोघी भाकर वाटून खात असतील ना! इथं एकटी हॅर्टाच द्यायलीय.

नांदेडकर:
मला तर लई बोर झाली राव. निम्म्यात सोडली.

अंबाजोगाईकर:
निम्म्यात सोडून मत कामून देता? शेवटी हॅर्टाची पत्रं आहेत, तिथं ती स्वतः बोलते. अख्खी कादंबरी त्या पत्रांसाठी उभी केलीय.

परभणीची_वाचक:
पत्रं वाचली की. तेवढीच आवडली. पण तो बोटीवरून उतरून गेल्यावर तिला तोंड फुटावं, हे कसलं?

लातूरचे_मास्तर:
मग तुमचं भांडण चक्रधरशी आहे, बेडेकरांशी नाही. तो आवडावा म्हणून लिहिलेलाच नाही.

परभणीची_वाचक:
दोघांशीही आहे. त्याला बोटीवर चढवलं कुणी?

नांदेडकर:
ती पत्रं कुठल्या पानापासून आहेत? तेवढीच वाचतो.