झॉम्बींच्या उद्रेकात जिवंत ग्रामसंग्रहालयात वर्षभर तग धरता येईल का?

वाईकर (प्रश्न):
मी एक दीर्घकथा लिहीत आहे आणि एका ठिकाणी अडलो आहे. साताऱ्याजवळच्या लिंब गावी, बारा मोटेच्या विहिरीला लागून एक जिवंत ग्रामसंग्रहालय आहे, असे मी कल्पिले आहे. स्टॉकहोमला १८९१ साली उभ्या राहिलेल्या स्कान्सेनच्या किंवा अमेरिकेतील कलोनियल विल्यम्सबर्गच्या धर्तीवर तेथे लोहार खरोखर लोखंड तापवतो, कुंभार आवा लावतो आणि खिल्लार बैलांची जोडी मोट ओढते. कणेरी मठावरच्या सिद्धगिरी संग्रहालयात बलुतेदार पुतळ्यांच्या रूपात पाहायला मिळतात. मला हाडामांसाची माणसे हवी होती. एका रविवारी उद्रेक होतो, वीज आणि फोन बंद पडतात आणि कारागीर व पर्यटक मिळून चाळीस माणसे आत अडकतात. माझे झॉम्बी संथ चालतात आणि त्यांना फारसे दिसत नाही, परंतु आवाजाच्या दिशेने ते अचूक येतात. विजेवाचून जगण्याची सगळी साधने हाताशी असल्यामुळे ही माणसे शहरातल्यांपेक्षा सुखात राहतील आणि रात्री पेवांत, म्हणजे धान्य साठवण्याच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत, उतरून लपतील, अशी माझी मांडणी आहे. ती पटण्यासारखी आहे का?

हरिपूरची लेक:
पेवांत माणसे लपवण्याचा विचार कृपा करून सोडून द्यावा, नाहीतर पहिल्याच रात्री आपली कथा संपेल. सांगलीजवळच्या आमच्या हरिपुरात हळदीची पेवे होती आणि २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळशी निकामी झाली, तरी ती उघडताना पाहिलेली माणसे अजून घरोघर आहेत. पेवाचे तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढेच असते आणि आत पोट रुंद असते. माल भरून झाला की तोंडावर फरशी ठेवून ते मातीने लिंपून टाकतात. आतला माल आणि त्यातले किडे श्वसन करून प्राणवायू संपवतात, कर्बवायू साठतो आणि त्या कोंडलेल्या हवेत कीडही जगत नाही, म्हणून माल वर्षानुवर्षे टिकतो. जी हवा किडीला मारते ती माणसाला सोडत नाही. पेव उघडले की आधी बराच वेळ ते तसेच मोकळे ठेवायचे, मग दोरीने कंदील खाली सोडायचा. तो विझला तर कोणीही उतरायचे नाही, आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून वर दोन माणसे उभी ठेवायची. घाईने उतरलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात.

धान्यासाठी मात्र पेव अवश्य ठेवावे, फक्त एक मोठे न ठेवता चार लहान ठेवावीत, कारण एकदा हवा लागली की आतला माल लवकर संपवावा लागतो. शिवाय चाळीस माणसांना माणशी अर्धा किलो धरले तरी रोज वीस किलो दळण होते. पर्यटकांसमोर ओवी म्हणत चार मुठी दळणे वेगळे आणि पहाटेपासून तीन-चार जाती सतत फिरवणे वेगळे. ते काम कोण करणार, हेही कथेत यायला हवे.

ऐरण (कराड):
मी लोहाराच्या घरातला आहे, म्हणून भट्टीपुरते सांगतो. संग्रहालयातली भट्टी जुनी दिसते, परंतु तिचा कोळसाही विकतचा असतो आणि लोखंडही विकतचेच. महाबळेश्वराच्या डोंगरात धावड लोक जांभ्या दगडातून लोखंड गाळत असत, पण ती विद्या आपल्या चाळिसांतल्या कोणाला अवगत असण्याची शक्यता नाही. सुदैवाने तिची गरजही पडणार नाही. आज गावातला लोहार कोयता घडवतो तो बहुधा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून, आणि महामार्गावर बेवारस गाड्यांची रांग लागलेली असताना पोलादाला तोटा नाही. कोळशासाठी बाभळी तोडून लोणारी कोळसा पाडावा लागेल. त्याचा धूर दिवसभर उठतो, परंतु आपल्या झॉम्बींना दिसत कमी असल्यामुळे ते एक चालून जाईल.

खरी अडचण घणाच्या आवाजाची आहे. ऐरणीवर पडलेला घाव शांत शिवारात फार लांब जातो. यावर उपाय म्हणून भट्टी बंद करण्यापेक्षा तो आवाजच वापरावा, असे मला वाटते. वस्तीपासून दूर, ओढ्यापलीकडे एखादा रेल्वेरुळाचा तुकडा झाडाला टांगून दोघांनी तो बडवावा आणि सगळे तिकडे वळले की इकडे तासभर लोहाराने घाव घालून घ्यावेत. तो रूळ बडवायला जाणारे दोघे हे आपल्या कथेतले सर्वांत रंगतदार पात्रे ठरतील.

माहुली संगम:
विहिरीविषयी दोन गोष्टी. ही विहीर शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली, आणि तिच्या पोटातच दगडी महाल आहे. पायऱ्यांची वाट अरुंद असल्यामुळे ती अडवायला सोपी, हे खरे. परंतु आत सापडलेल्याला पळायला जागा नाही. त्याहून मोठा धोका वरून आहे, कारण तोंड उघडे आहे. आवाजामागे येणारे एक जरी प्रेत आत पडले तर सगळ्यांचे पिण्याचे पाणी गेले. म्हणून भिंतींच्याही आधी विहिरीभोवती बाभळीच्या काट्यांचे दाट कुंपण घालावे. मोटेचे चाकही कुरकुरते, तेव्हा घाण्यावरचे करडईचे पहिले तेल चाकाच्या कण्याला जाईल आणि भाजीला उरलेसुरले मिळेल. नाडा आणि सोंदूर हे मोटेचे दोर झिजणार, कातडी मोट फाटणार. ती शिवणारा माणूस चाळिसांत नसेल तर बैल असूनही पाणी वर येणार नाही.

वाईकर:
आपणा सर्वांचा आभारी आहे. पेवात लपण्याचा प्रसंग काढून टाकतो. हे सगळे पाहता त्यांनी पहिल्याच आठवड्यात साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर निघून जाणे बरे नव्हे काय?

माहुली संगम:
वर तटबंदी आहे, पण पेरायला शिवार नाही. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी डिसेंबर १६९९ पासून औरंगजेबाच्या फौजेविरुद्ध तो किल्ला झुंजवला आणि तरीही एप्रिल १७०० मध्ये तो द्यावा लागला. आपल्या कथेतला वेढा तर उठणाराच नाही. त्यांना लिंबातच राहू द्यावे.

हरिपूरची लेक:
मिठाचे काय, हे कोणीच विचारले नाही. सातारा आणि सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मीठ पिकत नाही. ते कोकणातूनच वर यायचे, आणि ते माणसांइतकेच बैलांनाही लागते. संग्रहालयाच्या उपाहारगृहातल्या गोण्या संपल्या की कोणाला तरी बैल घेऊन कुंभार्ली घाट उतरावाच लागेल. घुंगरमाळा काढूनच बैल न्यावेत.