‘फर्स्ट कॉपी’ला मराठीत काय म्हणावं?

परवा एका साखरपुड्यात भाच्याच्या मनगटावर रोलेक्स सबमरिनर घड्याळ दिसलं. त्याच्या आत्यानं विचारलं, “खरं आहे का रे?” तो म्हणाला, “फर्स्ट कॉपी आहे.” आत्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. त्यांना वाटलं पहिली आवृत्ती! “अरे बापरे, मग जपून वापर हो,” म्हणाल्या. भाचा गप्प. बाजारात ‘फर्स्ट कॉपी’ म्हणजे महागड्या ब्रँडची हुबेहूब नकली वस्तू. घरी येताना मी तिला मराठी शब्द शोधत होतो. नक्कल, बनावट, खोटं, प्रतिकृती, डुप्लिकेट इतके आठवले, पण एकही नीट बसेना. तुम्ही काय म्हणता?

— नक्कल. संपला विषय.

— इतक्यात कुठला संपतोय, दादा! तलाठ्याकडच्या जुन्या कागदांवर ‘अस्सल बरहुकूम खरी नक्कल’ असा शेरा असायचा. तिथं नक्कल म्हणजे चक्क पुरावा. कोर्टातही निकालाची नक्कल मागतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. अस्सल आणि नक्कल ही दोन्ही मुळात अरबी, फारसीच्या वाटेनं आपल्या दफ्तरात आली आणि तिथं शेजारी शेजारी सुखानं नांदली. ‘नकली’ म्हटलं की मात्र नाक मुरडलं जातं. एक ईकार लागला आणि अब्रू गेली. घड्याळाला नकली म्हणा हवं तर, नक्कल नको.

— ‘बनावट’ची गंमत याहून मोठी आहे. आमच्या लहानपणी ‘स्विस बनावटीचं घड्याळ’ ही मिरवायची गोष्ट होती. बनावटीचं म्हणजे तिथं घडवलेलं. तेच ‘बनावट स्विस घड्याळ’ म्हणा, की पोलीस दारात! नाम असेल तर घडण, विशेषण झालं की फसवणूक. ‘देशी बनावटीचं पिस्तूल जप्त’ आणि ‘बनावट नोटा जप्त’ या बातम्या एकाच पानावर येतात आणि आपल्याला जराही अडखळायला होत नाही. हिंदीत बरोबर उलटं आहे. तिथं बनावट म्हणजे घडण आणि बनावटी म्हणजे खोटं. मुंबईत दोन्ही भाषा रोज कानावर पडतात, तिथं घोटाळा कसा होत नाही याचंच नवल वाटतं. जाता जाता: तिकडे ‘बनावटीचं’ म्हणवून घ्यायलाही माप आहे. २०१७ पासून घड्याळावर ‘स्विस मेड’ लिहायचं तर उत्पादनखर्चातला किमान ६० टक्के वाटा स्वित्झर्लंडमधला लागतो. यंत्र तिथलं हवं आणि शेवटची तपासणीही तिथंच व्हायला हवी.

— तुम्ही पुरुषमंडळी उगाच डोकं शिणवताय. दागिन्यांकडे बघा. आम्ही सरळ म्हणतो, “खोट्यातलं आहे.” लोकलनं जाताना खोट्यातलंच मंगळसूत्र घालतो, त्यात लाज कसली? बेन्टेक्स, गिलिट, एक ग्रॅम सोनं, प्रत्येकाला आपलं नाव आहे आणि आपला भाव आहे. पण माझ्या बेन्टेक्सच्या पाटल्यांवर कुठल्या पेढीचं नाव कोरलेलं नसतं. त्या घड्याळावर रोलेक्सचा मुकुट छापलाय ना? म्हणून ते नुसतं खोट्यातलं नाही. त्यानं नाव पळवलंय.

— ताईंनी नस बरोबर पकडली. कायदाही तेच बघतो. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ मधली कलमं १०३ आणि १०४ पाहा: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. विकताना “साहेब, फर्स्ट कॉपी आहे बरं का” असं प्रामाणिकपणे सांगितलं म्हणून दुकानदार सुटत नाही. मात्र या कलमांचा रोख बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आहे, हौसेनं मनगटावर बांधणाऱ्यावर नाही. भाच्याला सांगा, झोप निवांत.

— प्रतिकृती तर अजिबात नको. दिवाळीत पोरं अंगणात रायगड करतात ती प्रतिकृती. तो बघून कुणी रोपवेचं तिकीट विचारत नाही.

— डुप्लिकेटही नको. डुप्लिकेट चावीनं मूळ कुलूप उघडतं!

— मी घड्याळं दुरुस्त करतो, म्हणून तिसरा प्रकार सांगतो. जुन्या एचएमटीचं किंवा सेइको ५ चं यंत्र अस्सल, तबकडी मुंबईत नव्यानं रंगवलेली आणि काटे भलत्याच घड्याळाचे. कारखान्यानं कधी न काढलेले पोपटी, नारंगी रंग असतात. संग्राहक याला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, परदेशातलेसुद्धा. याला बनावट म्हणवत नाही, अस्सलही म्हणवत नाही. मी मनात ‘गोधडी’ म्हणतो.
आणि सेकंदकाटा टकटक करत गेला की खोटं, सरकत गेला की खरं, हे आता विसरा. आजच्या सबमरिनरचा काटा सेकंदाला आठ ठोके घेतो म्हणून सरकल्यासारखा दिसतो. पण हल्लीच्या नकलीतही यांत्रिक मशीन घालतात, तेही तसंच सरकतं. मागचं झाकण उघडल्याशिवाय मी तरी तोंड उघडत नाही.

— मूळ प्रश्न माझाच. एक अडचण राहतेच. बनावट नोटेत घेणारा फसतो. इथं विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्यालाही माहीत आहे. फसायचं असतं ते मांडवातल्या तिसऱ्यानं. असा तिघांचा व्यवहार सांगणारा शब्द हवाय.

— मग ‘तोतया’! पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचं नाव घेऊन एकजण उभा राहिला. त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं आपण कोण ते, पटवायचं होतं भोवतालच्यांना. १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. ‘तोतया पोलीस’ तर आजही बातम्यांत असतात. तोतया घड्याळ म्हणा बिनधास्त.

— तोतया माणूस असतो हो. वस्तू कुठं बोलते?

— तबकडी बोलते की! पाच अक्षरी इंग्रजी नाव बोलते.

— मग तोतया कोण, घड्याळ की भाचा?

— भाच्याला फोन करून तोतया सुचवला. म्हणाला, “मामा, फर्स्ट कॉपीच राहू दे.” तिकडे आत्यांनी पहिल्या आवृत्तीचं घड्याळ म्हणून निम्म्या नातेवाइकांना सांगून झालंय.